मधल्या चुण्या

"मग मी सभागृह बरखास्त करू की नको, बाबा?"

म्हाताऱ्या फकिराचा सुईत दोरा ओवायचा खटाटोप चालला होता.

शिवदासला महिन्यापूर्वी पंतप्रधान केलं होतं. आधीच्या पंतप्रधानांना त्यांच्याच माणसांनी अर्ध्यावर खाली ओढलं आणि खुर्ची याच्या गळ्यात पडली. लहानपणी तो याच तकियात, फकिराच्या या मठीत, शिकला होता, गोधड्याही शिवल्या होत्या. आज गाडी खाली ठेवून टेकडी चढून आला होता. घोषणा उद्या सकाळी करायची होती.

"मंत्री त्यांचे," तो म्हणाला. "शब्द दिलेले त्यांनी, निस्तरायचे मी. कालवा अर्धवट. उत्तरेकडे धान्य नाही, शिव्या मला. त्यापेक्षा निवडणूक घेतो. पाच वर्षं माझी स्वतःची… मग दाखवतो."

"आणि उत्तरेकडचं धान्य?"

"ते नवं सरकार आल्यावर बघू."

फकिराने सुई त्याच्यापुढे धरली. "माझे डोळे गेले रे. एवढी गोधडी पुरी कर."

गोधडी तकियातल्या म्हाताऱ्या रहिमतबीने शिवायला घेतली होती. कडेकडेनं शिवत ती आत आली आणि अर्ध्यावर देवाघरी गेली. मध्ये सुपाएवढी जागा उरली होती.

दाराशी गौरा बसली होती. खडी फोडायच्या कामावरची बाई, पदराखाली तान्हं लेकरू. ऊन उतरलं होतं आणि लेकरू कुरकुरत होतं. गोधडी त्याच्यासाठीच होती.

"पंतप्रधान शिवणार?" ती म्हणाली. "मग झालीच म्हणायची."

शिवदासला ते लागलं. त्याने गोधडी मांडीवर ओढली.

टाके वाकडे होते. कडेच्या सगळ्या चुण्या सरकत सरकत मधोमध गोळा झाल्या होत्या.

"बघा, बाबा. हिनं केलेला घोळ सगळा माझ्या वाट्याला. हे उसवायलाच हवं. मी नव्यानं शिवतो, एक चुणी दिसायची नाही."

फकिराने कात्री दिली.

शिवदासने पहिला टाका कापला.

"किती दिवस लागतील, साहेब?" गौराने विचारलं.

"आठवडाभर. पण काम बघत राहाल."

"बघते की. आज रात्री याला काय पांघरू, तेवढं सांगा."

शिवदासची कात्री थांबली.

…

फकीर भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

शिवदासने कात्री खाली ठेवली. कापलेल्या जागी गाठ मारली. मग एकेक चुणी अंगठ्याने दाबून तो तिच्यावरूनच टाके घालत गेला. बोटाला सुई टोचली. मध्येच त्याच्या लक्षात आलं, आपले टाकेही वाकडेच पडताहेत. तो शिवत राहिला.

मधोमध मुठीएवढं तोंड उरलं. ते बंद करायला त्याने दोरा खेचला, तोच फकिराने त्याचं मनगट धरलं.

"काय राहिलं?"

शिवदासला आठवलं. या डोंगरात गोधडीचं पोट रिकामं शिवत नाहीत. शेवटचा टाका घालणाऱ्याने आत मूठभर धान्य घालायचं. उपाशी गोधडी ऊब देत नाही, असं बाया म्हणतात.

कोपऱ्यातल्या गाडग्यात थोडी नाचणी होती. तळालाच.

"ही तर तुमच्या रात्रीची, बाबा."

"शेवटचा टाका घालतोय कोण?"

…

त्याने नाचणी पोटात घातली. तोंड शिवलं.

मग तो उठून उंबऱ्याशी गेला. त्याचा सचिव बाहेर कागद घेऊन उभा होता.

"उद्याची घोषणा राहू दे."

"पण साहेब, कारण काय सांगायचं?"

"काही सांगू नकोस. आधी कोठारं उघडायला लाव. धान्याच्या गाड्या पहाटे उत्तरेकडे निघाल्या पाहिजेत. मी बरोबर जाणार."

"मंत्री ऐकायचे नाहीत, साहेब. ते आपले नाहीत."

"आहेत ते हेच आहेत. बोलाव त्यांना."

सचिव टेकडी उतरून गेला.

आत गौराने लेकराला गोधडीत गुंडाळून थोपटायला घेतलं होतं. ते दोनदा हुंकारलं, मग गप्प झालं.

शिवदास परत आला. त्याच्या मनातलं शेवटचं अजून बाकी होतं.

"बाबा, कडा तिनं घातल्या, पोट मी शिवलं. उद्या लोक ही गोधडी कुणाची म्हणतील? तिची, का माझी?"

फकिराने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल… लेकरू झोपलंय."