पागेच्या रिवाजाने विमान

कुसूर संस्थानच्या राजेसाहेबांना एक जुनं, दोन माणसांचं विमान पसंत पडलं. मुंबईचे कॅप्टन मानकामे ते विकायला घेऊन थेट माळावर उतरले होते. विमानासाठी पागेतले चाळीस घोडे विकायचे ठरले, तेव्हा पागेचे प्रमुख हैबतराव राजेसाहेबांबरोबर ते बघायला गेले. त्यांनी पंखांच्या कापडावरून हात फिरवला, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "कॅप्टनसाहेब, हे खातं किती?"

"तुमचा घोडा उभ्याउभ्या खातो," कॅप्टन हसले. "हे उडेल तेव्हाच पेट्रोल पितं. एरवी खर्च शून्य!"

"ऐकलंत?" राजेसाहेब म्हणाले. "आता काय म्हणणं आहे?"

"काही नाही, सरकार. फक्त पागेचा रिवाज पाळू. घोडा विकणारा पहिला महिना त्याला स्वखर्चाने सांभाळतो, मग पैसे घेतो. याला तर खर्चच नाही. कॅप्टनसाहेब वर्षभर सांभाळतील. आम्ही एकदाही उडवणार नाही."

"वर्षभर?" कॅप्टन उसळले. "अहो, छप्पर कोण बांधणार? पावसात कापड कुजतं! मिस्त्रीचा पगार, विमा, दरवर्षीची तपासणी! आणि उभं ठेवलं तर इंजिन गंजतं. ते खोलायचं म्हणजे निम्मी किंमत तिथेच गेली. माझं दिवाळं निघेल!"

राजेसाहेब खो खो हसले. "घोडे राहू द्या, हैबतराव. पण एवढे सगळे खर्च तुम्हाला ठाऊक कसे?"

"ठाऊक कुठे होते, सरकार? म्हणून तर जाणकाराच्या तोंडून काढले."