मिठाच्या गाड्या आणि वाफसा

पूर्वी वेत्रावती नगरीवर बलमित्र राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्व एका सार्थवाहाच्या कुळात जन्मले होते. मोठे झाल्यावर ते समुद्रकाठचे मीठ बैलगाड्यांच्या तांड्याने डोंगरापलीकडे नेऊन विकू लागले.

बलमित्र मनाचा चांगला, पण भारी उतावळा. एकदा तो समुद्रकाठचे बंदर पाहून आला आणि त्याचे डोळेच दिपले. तिमजली घरे, मोत्यांचे ढीग, जो तो देवघेवीत दंग! परतताच तो दरबारात म्हणाला, "आपण मागे का राहिलो, ते मला कळलं! आपली माणसं अजून माती उकरतात, मासे धरतात, मडकी थापतात. ही सगळी खालच्या पायरीची कामं. वरची पायरी व्यापाराची. आजपासून सगळ्यांनी व्यापारी व्हायचं!"

दवंडी पिटली गेली आणि नगरात एकच धांदल उडाली. कुंभाराचे चाक थांबले, लोहाराची भट्टी विझली. शेतकऱ्यांनी बैल परदेशी दलालांना विकले आणि दुकानांवर रंगीत छते ताणली. एक तांब्याचे घंगाळ सकाळी विणकराने सुताराला विकले, सुताराने कोळ्याला, कोळ्याने लोहाराला. दिवेलागणीला ते विणकरानेच दुप्पट किमतीला परत घेतले. मधल्या सगळ्यांना नफा झाला! राजा तर आनंदाने नाचायचाच बाकी होता.

अशातच पावसाच्या दोन सरी पडून ऊन पडले आणि बोधिसत्त्वांचा तांडा नगरीबाहेर नदीकाठी येऊन थांबला. नदीला पूर येण्याआधी त्यांना पलीकडे जायचे होते. वाटेसाठी पीठ घ्यावे म्हणून ते बाजारात हिंडले. दुकाने ओळीने उघडी, पण पीठ कुठेच नाही. एका दुकानात उत्तरा नावाची म्हातारी पेरणीची पाभर विकायला मांडून बसली होती. तिच्या मुठीत मातीचे ढेकूळ होते. ती ते दाबायची, मूठ उघडायची, ढेकूळ भुसभुशीत होऊन सुटायचे.

"आजी, हे काय करता?" बोधिसत्त्वांनी विचारले.

"वाफसा बघते रे बाबा. माती चिकटत नाही, कोरडीही नाही. पेरायची तर हीच वेळ. पुन्हा पाऊस लागला की नुसता चिखल. बी मी लपवून ठेवलंय, पण लेकानं बैल विकले. आता माणसं जोडायची का पाभरीला? औंदा आम्ही उपाशी मरणार." आणि ती रडू लागली.

बोधिसत्त्वांचा भागीदार विरोचन शेजारीच होता. तो त्यांच्या कानाशी लागला, "नशीब उघडलं आपलं! एका बैलजोडीला एक शेत मागू. सुगीपर्यंत सगळं शिवार आपलं!"

बोधिसत्त्व उत्तरेच्या मुठीकडे पाहत म्हणाले, "तांडा सोडा. सगळे बैल शेतांवर न्या. मोबदला काही नको."

"आणि मीठ? पाऊस आला तर पाणी होईल त्याचं!"

"मीठ समुद्र पुन्हा देईल, विरोचना. हा वाफसा पुन्हा मिळायचा नाही."

मग काय धावपळ उडाली! लोहार भट्टी पेटवायला धावला तर कोळसा नाही, कारण कोळसेवालेही दुकानात बसलेले. ते रानाकडे पळाले. सुतार लाकूड तासायचा, आपणच विकलेला वाकस शोधत घरोघर फिरला. गाडीच्या बैलांनी जन्मात पेरणीची ओळ पाहिलेली नव्हती. ते रस्ता समजून थेट बांधाबाहेर चालू लागले आणि सगळे शिवार पोट धरून हसले. तरी पेरणी पुढे सरकत होती.

राजा रागाने लाल होऊन आला. "माझी आज्ञा मोडली कुणी?"

बोधिसत्त्वांनी हात जोडले. "महाराज, त्या बंदरातल्या जहाजांत काय भरलं होतं?"

राजा आठवू लागला. "तांदूळ... कापड... मडकी..." आणि बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला.

"ते कुणीतरी पिकवलं, विणलं, थापलं, तेव्हाच कुणीतरी विकलं. पायऱ्याच म्हणायच्या तर, खालची काढून वरची कशावर ठेवणार?"

राजाने जोडे काढले, बियाण्याची टोपली उचलली आणि तो उत्तरेच्या पाभरीमागे चालू लागला.

पेरणीच्या शेवटच्या ओळीला आभाळ काळे झाले. उत्तरेच्या पाभरीचे बैल बांधावर वळले आणि धो धो पाऊस कोसळला! माणसे भिजत नाचली. तिकडे नदीकाठी मीठ गाड्यांतून पाझरत पाण्यात निघाले होते. विरोचन कपाळ बडवीत होता. बोधिसत्त्वांना वाईट वाटले नाही असे नाही. पण त्यांनी शिवाराकडे पाहिले आणि त्यांचे मन भरून आले.

त्या नगरीत खळ्यावरची रास मोजण्याआधी लोहार, सुतार, कुंभार असे सगळे आपापला वाटा उचलत. त्या सुगीला उत्तरेने राशीतून आणखी एक वाटा वेगळा काढला. "हा मिठवाल्याचा," ती म्हणाली. पुढे दरवर्षी तो वाटा निघत राहिला आणि त्यावर त्या वाटेने जाणारा प्रत्येक अनोळखी प्रवासी जेवला.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. समोर मित्राशेजारी भिक्षू सुनंद बसला होता. धर्म सांगणारा मी अंगण झाडू काय, असे तो त्या सकाळी म्हणाला होता. शास्ते त्याला म्हणाले, "सुनंदा, तो राजा तू होतास. विरोचन म्हणजे तुझ्या बोलण्यावर मान डोलावणारा हा तुझा मित्र. उत्तरा म्हणजे विहारात पाणी भरणारी ती वृद्ध उपासिका. आणि सार्थवाह मीच होतो. वेळेवर आणि मोबदल्याविना हातचे सोडून देणे, हीच दानपारमिता, दानाची परिपूर्णता."

सुनंद उठला आणि केरसुणी शोधू लागला. ती त्या उपासिकेच्या हातात होती.