धामणीची साक्ष

पौषातली सकाळ होती. धुकं विरलं होतं, वारा पडला होता, आणि ऊन असं कोवळं की म्हाताऱ्या माणसानं ओट्यावर बसावं अन् उठूच नये. अशा उन्हात सापही बांधावर येऊन पसरतात. आणि साप पसरले की कुसळवाडीच्या शिवारात मकरंदराजा हजर!

राजाला छंदच तसला. कुणी राजे वाघ मारतात, कुणी पतंग उडवतात. हा साप धरी. मुकुट घोड्याच्या मानेत अडकवायचा, धोतर खोचायचं आणि वाकून वाकून बांध धुंडायचे. धामण दिसली की घातलीच झडप! मग ती हातात घेऊन पोरासारखं नाचायचं आणि टोपलीत घालून राजवाड्यावर न्यायची. नाग-घोणस दिसली तर मात्र लांबूनच हात जोडायचे. छंद होता, वेड नव्हतं!

पण शिवारातल्या धामणी संपत आल्या आणि उंदीर माजले. किती माजले म्हणता? मांजरं खाऊन खाऊन इतकी सुस्तावली, की उंदीर त्यांच्या पाठीवरून उड्या मारत जात. गावातल्या कणग्यांना भोकं पडली, वर्षाची ज्वारी भुईवर सांडू लागली. शिव्या मात्र खाल्ल्या केरबा बुरडानं. कारण बांबूच्या त्या कणग्या विणलेल्या त्याच्या.

शेजारची धुरपदाकाकू तर फुटकी कणगी ओढतच त्याच्या दारात आली.

"केरबा, ही कणगी म्हणायची की चाळण?"

"काकू, उंदरांनी कुरतडलीय ती."

"उंदीर काय आज जन्मले? माझ्या सासूच्या वेळीही होते! तूच वीण सैल घालतोस!"

केरबा गरीब स्वभावाचा. पण विणीला नाव ठेवलेलं कुठला बुरूड ऐकून घेईल? तडक शिवारात गेला. राजा नुकतीच एक लांबलचक धामण धरून नाचत होता.

"महाराज, तेवढी सोडा. राखणदारीण आहे ती आमची."

"राखणदारीण? ही? दिवसभर उन्हात लोळते! फुकटखाऊ कुठली!"

"काम करते महाराज. दिसत नाही एवढंच."

"असं? मग येत्या पुनवेला तिलाच दरबारात येऊन सांगू दे!" राजा हट्टाला पेटला. "सापानं साक्ष द्यायची, तीही मला पटेल अशी. साक्ष संपेपर्यंत तू तोंड उघडायचं नाहीस. बोललास की हरलास! पटलं तर सगळ्या धामणी सोडून देईन. नाही पटलं तर तुलाच टोपलीत घालून सापांशेजारी ठेवीन आणि रोज वाटीभर दूध पाजीन!"

"महाराज, साप दूध पीत नाही."

"तू पिशील ना? झालं तर मग!"

गावानं कपाळावर हात मारला. मुकं जनावर साक्ष देणार कशी? केरबानं मात्र बांबूच्या कामट्या काढल्या आणि विणायला बसला. मासे धरायला विणतात तसल्या टोपल्या, आत शिरता येतं पण बाहेर पडता येत नाही. एकेक टोपली झाली, की तीत मूठभर ज्वारी टाकून घरोघर ठेवून येई.

"आता टोपल्या विकायला बसला होय?" धुरपदाकाकू म्हणाली. "पुढं टोपलीतच राहायचंय म्हणून एखादी आवडीची निवडतोयस वाटतं!"

केरबा हसला आणि वीण घट्ट ओढत राहिला.

ठरल्या दिवशी दरबार भरला. राजाच्या धामणी सिंहासनामागं ओळीनं टोपल्यांत मांडलेल्या. केरबा गाडीभर टोपल्या घेऊन आला, मुजरा केला आणि गप्प उभा राहिला.

"साक्षीदार आणलास?" राजानं विचारलं.

केरबानं मान हलवली आणि एकेक टोपली उघडून जमिनीवर उपडी केली.

उंदीर! नुसते उंदीर! गावाच्या ज्वारीवर पोसलेले, गुबगुबीत! एक प्रधानजींच्या पागोट्यात शिरला. एक सेनापतींच्या अंगरख्यात गेला, आणि लढाईत कधी न हललेले सेनापती असे नाचले की पायातला जोडा खजिनदाराच्या टकलावर बसला! भालदार चोपदाराच्या खांद्यावर चढला. राजपुरोहित खांबाला मिठी मारून रामरक्षा म्हणू लागले. राजा पाय वर घेऊन सिंहासनावर उभा राहिला. तेवढ्यात एक उंदीर त्याच्या धोतराला लोंबकळून वर चढू लागला!

"अरे, बघता काय!" राजा ओरडला. "माझ्या धामणी सोडा! सगळ्या सोडा! लवकर!"

टोपल्या उघडल्या. सळसळ सळसळ करत धामणी निघाल्या. काही उंदीर त्यांच्या पोटात गेले, उरलेले जीव घेऊन दाराबाहेर पळाले. पाठोपाठ अर्धा दरबारही पळाला.

मग सगळं शांत झालं. केरबानं घसा खाकरला.

"महाराज, साक्ष संपली."

"कसली साक्ष? साप एक अक्षर तरी बोलला का?"

"तिला कशाला बोलायला पाहिजे? तुम्हीच बोललात की! इथं प्रधानजी होते, सेनापती होते, एवढे भालेवाले होते. जीव टांगणीला लागला तेव्हा उंदीर हुसकायला त्यांतल्या एकालाही तुम्ही हाक मारली नाहीत. धामणीला मारलीत! राजाच जिला मदतीला बोलावतो, ती फुकटखाऊ कशी?"

राजानं आधी धोतराकडं बघितलं, मग खांबाला मिठी मारलेल्या पुरोहिताकडं. आणि असा हसत सुटला की मुकुट घरंगळत दारापर्यंत गेला!

"हरलो रे बुरडा! पण माझ्या छंदाचं काय?"

"छंद करा की! धरा, डोळे भरून बघा, नाचा, आणि त्याच बांधावर सोडून द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा धरायला मिळेल!"

हे तर राजाला फारच आवडलं. धामणी त्याच दिवशी शिवारात परतल्या. केरबाला नदीकाठचं बांबूचं बेट कायमचं इनाम मिळालं, वर शेला आणि पालखीतून घरी पाठवणी!

पालखी दारात उतरली. धुरपदाकाकू ओट्यावरच बसली होती. तिनं पालखीकडं बघितलं, इनामाच्या शेल्याकडं बघितलं, मग फुटक्या कणगीच्या भोकात बोट घातलं आणि म्हणाली,

"राजा हरला, साप जिंकले, सगळं मान्य आहे रे केरबा. पण वीण तू सैलच घालतोस!"