उदबत्तीचा धूर जिथे वाकतो

एकदा एका घाटमाथ्यावरच्या गावात एक म्हातारा सुतार राहत होता. त्याचं नाव भिकोबा. नव्या घराचं काम तो घेत नसे. जुन्या घरांची दारं, खिडक्या, उंबरे दुरुस्त करण्यातच त्याचा जन्म गेला होता. गावातली पोरं त्याला गमतीनं विचारत, "काय वैद्यबुवा, आज कुणाच्या दाराचे गुडघे चोळले?" भिकोबा हसे आणि आपल्या वाटेनं जाई.

त्याच्याजवळ अनसूया नावाची एक बाई काम शिकत होती. पहिल्यांदा ती आली तेव्हा डोक्यावर एक मोडकी खिडकी होती. "बाबा, एवढी नीट करून द्या," ती म्हणाली. भिकोबा म्हणाला, "बस इथं. मी सांगतो, तू कर." खिडकी नीट झाली, पण अनसूयेचं येणं काही थांबलं नाही. तिचा हात चांगला होता आणि नजर त्याहून चांगली. काम हातात घेतलं की ते पार शेवटाला नेल्याशिवाय तिला चैन पडत नसे. भिकोबाला त्याचं कौतुक होतं, आणि थोडी काळजीही होती.

त्याच गावात मारुतशेठ ढेबे मधाचा व्यापार करत. डोंगराच्या उतरणीवर त्यांचं दगडी घर होतं. आजोबांनी एकेक दगड पारखून बांधलेलं. आल्यागेल्याला शेठ ते घर अभिमानानं दाखवत. पण दिवाळी सरली की पाहुण्यांना बोलावणं टाळत. कारण हिवाळ्यात ते घर गारठून जाई. दोन हीटर लावले तरी ऊब यायची नाही, तिसरा लावला की फ्यूज उडायचा. पावसाळ्याआधी रचलेली लाकडं संक्रांतीलाच संपून जायची.

त्या वर्षी शेठच्या लेकीचं, वनिताचं, पहिलं बाळंतपण होतं. दिवस माघात भरत होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही आपली रीत. पण वनिताच्या सासूबाई, कलावतीबाई, मोठ्या स्पष्टवक्त्या. त्यांनी फोनवर सांगून टाकलं, "शेठ, तुमचं घर म्हणजे बर्फाचा कारखाना. मागच्या संक्रांतीला मी कानटोपी घालून जेवले. तसल्या गारठ्यात माझं नातवंड नको बाई. वनिताचं आम्ही इथंच करतो."

शेठनी फोन कानापासून लांब धरला. त्यांच्या बायकोनं, शेवंताबाईंनी, त्यांच्या हातातून फोन घेतला. "विहीणबाई, एकदा येऊन खोली बघा. गार वाटली तर लेक तुमच्याकडे. मी शब्द काढणार नाही."

"बरं. येत्या रविवारी येते," कलावतीबाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर शेवंताबाई नवऱ्याकडे वळल्या. "रीतभात राहू द्या बाजूला. पहिल्या खेपेला माझ्या लेकीला माझ्या हातचा डिंकाचा लाडू मिळणार नसेल, तर हे एवढं घर बांधलं कशाला?"

"मी कुठं बांधलं? आजोबांनी बांधलं," शेठ पुटपुटले, आणि जाऊन भिकोबाला बोलावून आणलं.

भिकोबा अनसूयेला घेऊन आला. त्या दिवशी वारा सुटला होता. त्यानं घरभर नजर फिरवली, हीटर बंद करायला सांगितले, चूल विझवायला सांगितली. मग म्हणाला, "बाई, एक उदबत्ती द्या."

शेवंताबाईंना वाटलं, म्हातारा आधी देवाचं करतो आहे. त्यांनी नुसती उदबत्ती आणली नाही. ताटात हळदकुंकू आणलं, नारळ आणला. शेठनी चपला काढल्या, डोक्यावर टोपी घातली आणि हात जोडून उभे राहिले. भिकोबानं उदबत्ती पेटवली, देवघरासमोर क्षणभर थांबून मान लववली, आणि तसाच पुढे जाऊन खिडकीपाशी उभा राहिला. मग दाराच्या कडेनं वरपासून उंबऱ्यापर्यंत उदबत्ती फिरवली. मग पलंगामागच्या कोपऱ्यात. मग विजेच्या बटणांसमोर.

"बाबा," शेवंताबाई हळूच म्हणाल्या, "बटणांची पण पूजा करायची असते का?"

"पूजा नव्हे, बाई. धुराकडं बघा."

सगळ्यांनी पाहिलं. खोलीच्या मध्यावर धूर सरळ वर चढत होता. खिडकीच्या चौकटीजवळ मात्र तो एकाएकी आडवा होई, कुणी फुंकर मारावी तसा. दाराखाली तो थरथरे. माळ्यावर जायच्या झाकणाशी तर तो फटीतून वर ओढला जाई. जिथे धूर वाके, तिथे भिकोबा थांबे आणि अनसूया खडूनं खूण करी. पाहता पाहता घर पांढऱ्या खुणांनी भरून गेलं.

"अरे देवा," शेठ म्हणाले, "इतकी भोकं! म्हणजे घर टाकाऊच झालं की."

भिकोबानं भिंतीवर तळहात ठेवला. "शेठ, असं बोलू नका. तुमच्या आजोबांच्या भिंती अजून ओळंब्यात, सरळ उभ्या आहेत. दगड हललेला नाही. लाकूड तेवढं म्हातारं झालंय, आणि म्हातारपणी अंग आक्रसतंच. माझंही आक्रसलंय. तुमचं घर गार नाही. त्याच्या अंगावरचं पांघरूण जागोजाग सरकलंय, एवढंच. खालच्या फटीतून गार वारा आत येतो, तुमची ऊब वरच्या फटीतून निघून जाते. इतकी वर्षं तुम्ही लाकडं जाळून हा डोंगर तापवत होता."

शेठ हसले. त्यांच्या खांद्यावरचं ओझं थोडं उतरल्यासारखं झालं. "मग आता?"

"आता ही करील," भिकोबा अनसूयेकडे बोट दाखवून म्हणाला. "मी रविवारी सकाळी येईन."

अनसूया चमकली. आजवर एवढं काम तिनं एकटीनं कधी केलं नव्हतं. पण भिकोबा काठी टेकत निघूनही गेला होता.

ती कामाला लागली. खिडक्यांच्या काचा धरून ठेवणारी सुकलेली लांबी खरवडून नवी भरली. चौकटी आणि दगड यांच्यामधल्या फटी चुन्यानं लिंपल्या. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दारांच्या कडांना बसवल्या. माळ्याच्या झाकणाला शेवंताबाईंच्या जुन्या घोंगडीची किनार लावली. छताच्या फळ्यांत भुसा आणि सरस कालवून भरला. शेवंताबाई मधूनमधून चहा आणत आणि बाळंतिणीच्या खोलीत उगाच हात फिरवून बघत. शेठ आपलं दुकान सोडून उदबत्ती घेऊन अनसूयेच्या मागे फिरत. "इथं बघ, इथं जरासा वाकतोय," असं सांगताना त्यांना लहान मुलासारखा आनंद होई.

शेवटी बाळंतिणीच्या खोलीत एकच जागा उरली. शेगडी ठेवायच्या कोपऱ्यात, वर छताजवळ, हातभर झरोका होता. तिथे धूर भराभर बाहेर जात होता. अनसूया त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"पोरी, तोही बुजव," शेवंताबाई म्हणाल्या. "ओल्या बाळंतिणीला वारा बाधतो. आमच्या सासूबाई तर खोलीच्या दाराला पडदा लावून वर घोंगडी टाकायच्या."

अनसूयेला ते पटलं. शिवाय त्या एका जागेमुळे तिचं काम पुरं होत नव्हतं. तिनं झरोक्यात फळी ठोकली, कडा लिंपल्या, वरून चुना फिरवला. मग उदबत्ती लावली. साऱ्या खोलीत धूर कुठेच वाकला नाही. शेवंताबाईंनी तिच्या हातावर साखर ठेवली.

रविवारी सकाळी भिकोबा आला. हीटर बंद होते, तरी घरात शिरताच त्यानं उपरणं खांद्यावरून खाली घेतलं. ते पाहूनच अनसूयेची मान ताठ झाली. भिकोबा उदबत्ती घेऊन दारादाराशी, खिडकीखिडकीशी फिरला. धूर उभाच्या उभा राहिला. माळ्याच्या झाकणाची घोंगडी त्यानं दोनदा चाचपली आणि स्वतःशी मान हलवली.

मग तो बाळंतिणीच्या खोलीत आला. वर पाहिलं. पिशवीतून पटाशी आणि हातोडी काढली, स्टुलावर चढला, आणि अनसूयेनं इतक्या निगुतीनं लिंपलेला झरोका फोडायला लागला.

चुन्याचे ढपले खाली पडले. फळी निघाली. गार वारा सर्रकन आत आला.

"बाबा! काय केलंत हे?" शेवंताबाई ओरडल्या. "दुपारी विहीणबाई यायच्यात, आणि तुम्ही बसवलेलं उचकटताय?"

शेठही कावरेबावरे झाले. अनसूयेचे डोळे भरून आले होते.

भिकोबा सावकाश खाली उतरला. अंगावरचा चुना झटकला आणि अनसूयेसमोर बसला.

"पोरी, तुझं काम खोटं नाही. असं काम मला तुझ्या वयात जमलं नसतं. पण मला सांग, या खोलीत शेक कशाचा द्यायचा?"

"शेगडीचा."

"शेगडीत काय?"

"कोळसा." ती थांबली. तिचा चेहरा बदलला. "बाबा..."

"हं. धूर निदान डोळ्यांना झोंबतो, माणूस जागं होतं. पण पेटत्या कोळशातून एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. सगळं बंद असलं की तो इथंच साठतो. आई अन् लेकरू शांत झोपल्यासारखी दिसतील, आणि उठायची नाहीत." भिकोबा पुढे म्हणाला, "वारा दोन परीचा असतो. फटीतून येतो तो चोर. तो कधी आला, काय घेऊन गेला, आपल्याला कळत नाही. त्याला अडवलंच पाहिजे. झरोक्यातून येतो तो पाहुणा. त्याला आपण जागा दिलेली असते, वेळ दिलेली असते. चोराच्या भीतीनं पाहुण्याला दार लावलं, तर ते घर राहत नाही, संदूक होते. घराला नाक हवं, पोरी. भोकं नकोत, पण नाक हवं."

शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. "बाबा, मीच सांगितलं तिला. तिची चूक नाही."

"चूक कुणाचीच नाही. मायेनं केलंत. माया कधीकधी फार घट्ट आवळते." मग तो अनसूयेला म्हणाला, "वारा सरळ अंगावर यायला नको, हेही खरंच आहे. तर आता काय करशील?"

अनसूयेनं डोळे पुसले. काढलेली फळी उचलली, झरोक्याचं माप घेतलं आणि अंगणात जाऊन बसली. करवतीचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळानं ती आली आणि झरोक्याला एक सरकती झडप बसवली. आत आलेला वारा वर छताकडे जावा म्हणून तिला तिरपा काठ दिला होता.

भिकोबानं झडप सरकवून पाहिली. ती थोडी पुढे गेली आणि अडली.

"पुरी बंद होत नाही," तो म्हणाला.

"होऊ देणार नाही," अनसूया म्हणाली. "आत लाकडाचा गुटका ठोकलाय. कुणी कितीही मायेनं ओढली तरी चार बोटं उघडीच राहील. आणि काकू, शेगडी बाहेर ओसरीवर फुलवायची. निखारे लाल झाले की शेकापुरती आत आणायची, शेक झाला की लगेच बाहेर. झोपताना खोलीत ठेवायची नाही."

भिकोबानं अनसूयेकडे पाहिलं. गुटका ठोकायला तिला त्यानं सांगितलं नव्हतं. तो शेठकडे वळून एवढंच म्हणाला, "बघितलंत? ही माझ्याकडे शिकते," आणि पटाशी-हातोडी पिशवीत टाकली.

दुपारी कलावतीबाई आल्या. स्वेटर, त्यावर शाल, हातात कानटोपी. सरळ बाळंतिणीच्या खोलीत जाऊन पलंगावर बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी शाल काढली. मग स्वेटर काढला. मग वाकून पलंगाखाली बघितलं.

"हीटर कुठं दडवलाय, शेठ?"

"हीटर माळ्यावर टाकलाय, विहीणबाई."

त्यांनी झरोक्याकडे मान वर केली, झडप बघितली, पुन्हा खोलीभर नजर फिरवली. मग कानटोपी पिशवीत टाकत म्हणाल्या, "वनिताला पुढच्या आठवड्यात आणून सोडते. आणि बारशाला मी चार दिवस आधी येणार, आत्ताच सांगून ठेवते. आमचा फ्लॅट याहून गार आहे."

शेवंताबाई तडक स्वयंपाकघरात गेल्या. डिंक तळल्याचा वास घरभर पसरला, आणि थोड्या वेळानं तो झरोक्यातून बाहेर अंगणात आला.

माघात वनिताला मुलगी झाली. त्या हिवाळ्यात शेठच्या घरची लाकडं संपली नाहीत; उरलेली त्यांनी गावाच्या होळीला दिली, आणि देताना आजोबांच्या घराची कथा पुन्हा एकदा सगळ्यांना ऐकवली. हीटर माळ्यावरच राहिले.

त्यानंतर कुणी जुन्या घराचं काम घेऊन आलं, की भिकोबा उदबत्ती पेटवून अनसूयेच्या हाती देई आणि आपण दोन पावलं मागे चालत राही.

थंडी सुरू होण्याआधी आपणही एक दिवस देवापुढे उदबत्ती लावावी, आणि ती विझण्याआधी एकदा घरभर फिरवावी; धूर जिथे वाकेल तिथे थोडं थांबावं, आणि ही जागा बुजवायची की राखायची, हे स्वतःला विचारावं.