सुभान मास्तरांची नजर

"पण मास्तर, तिथं उभं राहून तुम्ही नेमकं करत काय होता?"

जालिंदरनं पुन्हा तेच विचारलं. सुभान मास्तर अंगणातल्या बाजेवर बसून बशीतल्या चहावर फुंकर घालत होते.

"काय न्हाई," ते म्हणाले.

"असं कसं? काहीतरी करत असणारच की!"

"न्हाई रं बाबा..."

जालिंदर खोत हे आता मोठं नाव होतं. मराठी सिनेमात विनोदी नट म्हणून त्याच्याशिवाय पान हलत नव्हतं. टीव्हीवर त्याचा चेहरा दिसला, की घराघरांत माणसं जेवता जेवता थांबायची. पण हा जालिंदर घडला तो सुभान मास्तर पाचेगावकरांच्या तमाशाच्या फडात. मिसरूड फुटायच्या वयात तो फडात आला, मास्तरांच्या हाताखाली उभं राहायला शिकला, बोलायला शिकला, आणि एक दिवस मुंबईला निघून गेला.

मिरजेपासून जतपर्यंत एकही जत्रा अशी नव्हती, जिथं सोंगाड्या म्हणून मास्तरांचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. आता फड मोडला होता. मास्तरांचे गुडघेही गेले होते. मिरजेच्या कडेला दोन खोल्यांच्या घरात ते आणि त्यांची बायको मेहरूनचाची, दोघंच राहत होते.

आणि जालिंदर त्यांच्यावर सिनेमा काढत होता. दिग्दर्शन त्याचं, मास्तरांचं कामही तोच करणार होता. शूटिंग तोंडावर आलं होतं. सगळी तयारी झाली होती, फक्त एक प्रसंग काही केल्या जमत नव्हता. आणि त्या प्रसंगाशिवाय सिनेमाला अर्थ नव्हता.

मास्तरांचं पहिलं येणं.

गवळण संपायची. ढोलकी थांबायची. पडदा बाजूला सारून मास्तर यायचे आणि बोर्डाच्या मधोमध उभे राहायचे. तोंडातून शब्द नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू मान फिरवून बघायचे. बायकांची बाजू, बैलगाड्यांवर चढून बसलेली माणसं, कनातीला टेकून उभी असलेली मागची गर्दी... कुठंतरी एखादी म्हातारी खुदकन हसायची. मग तिच्या शेजारची. आणि बघता बघता सगळी कनात गदगदा हलायला लागायची. मास्तरांनी अजून 'राम राम' सुद्धा म्हटलेलं नसायचं!

पडद्याच्या फटीतून जालिंदरनं ते किती वेळा पाहिलं होतं. धुळीचा वास, भज्यांच्या तेलाचा वास, आणि ते हसू. मुंबईत इतकी वर्षं काढली, टाळ्या मिळाल्या, बक्षिसं मिळाली. तसं हसू मात्र पुन्हा कानावर पडलं नाही.

"मी फार अभ्यास केलाय मास्तर," जालिंदर म्हणाला. "मान किती फिरवायची, कुठं थांबायचं, पापणी कधी मिटायची... सगळं बसवलंय. तुम्ही बघाच."

तो उठला. गॉगल काढून खिशात ठेवला. अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. खांदे पाडले, पोट जरा पुढं काढलं, आणि मान फिरवली.

मेहरूनचाची उंबऱ्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले.

"या अल्ला... हुबेहूब गं बाई!" त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या.

पण हसलं कुणीच नाही.

"बघितलंत?" जालिंदर वैतागून म्हणाला. "मुंबईतही असंच होतंय. सगळे म्हणतात, वा वा, काय निरीक्षण आहे! आणि हसत कुणीच नाही."

मास्तरांनी बशी तोंडाला लावली. रिकामी करून खाली ठेवली.

"कुणाला हुडकत हुतास?"

"म्हणजे?"

"मान फिरवलीस न्हवं. कुणाला हुडकत हुतास?"

"कुणाला म्हणजे... कुणालाच नाही. तुमच्यासारखं बघत होतो."

"मी हुडकत हुतो," मास्तर म्हणाले.

"कुणाला?"

"...माज्या बाला."

जालिंदर हळूच बाजेच्या कडेला येऊन बसला. इतकी वर्षं फडात काढली, पण मास्तरांच्या तोंडून त्यांच्या वडिलांबद्दल त्यानं कधी काही ऐकलं नव्हतं.

"माजा बा पिंजारी," मास्तर सांगायला लागले. "खांद्यावर धनुकली टाकायची आन् गावोगाव कापूस पिंजत, गाद्या भरत फिरायचं. मी फडात गेलो तवा म्हनला, तुझं तोंड बगनार न्हाई. बा शब्दाचा लई पक्का. पर त्योबी गावोगाव फिरतोय, मीबी फिरतोय. म्हटलं, कवातरी, कुटंतरी ईल. लांबनं का हुईना, मागं हुबा ऱ्हाऊन बगंल. म्हनून बोर्डावर आलो की आदी त्याला हुडकायचो."

"आणि लोक हसायचे?"

"पैल्यांदा हसली तवा मला वाटलं, धोतर सुटलंय."

जालिंदर हसला. मास्तर हसले नाहीत.

"राग नाही आला तुम्हाला?"

"आला की. आपुन बाला हुडकतोय आन् ह्येंला हसू येतंय! पर फडाचा मालक खूश. म्हनला, सुभान, रोज असंच कर. मी म्हटलं, करीन की. मला तर रोजच हुडकायचं हुतं."

लिंबाच्या झाडावर एक कावळा बसला होता, तो उडून गेला. ऊन भिंतीवरून उतरत होतं.

"मग... आले का कधी ते?"

मास्तरांनी रिकामी बशी उचलली आणि पालथी करून पुन्हा खाली ठेवली.

"सांगा की आता," मेहरूनचाची उंबऱ्यावरून म्हणाल्या. "इतक्या लांबनं आलंय पोरगं."

"आला," मास्तर म्हणाले. "ढालेवाडीच्या जत्रंत. कनातीला लागून हुबा हुता. अंगावर समदा कापूस. कामावरनं तसाच आला आसंल. मला दिसला, आन् माजी मान तितंच ऱ्हायली. म्होरं सरंना. बतावणीतला एक शबूद आठवंना. समदी मानसं गप. ढोलकीवाला भ्याला, त्याला वाटलं मला झटका आला. कुनी हसंना..."

"आणि बाबा?"

"त्यो हसला. एकटाच."

मेहरूनचाची उठल्या. दोरीवरचे कपडे वाळले की नाही ते बघायला लागल्या. कपडे केव्हाच वाळले होते.

"खेळ झाल्यावर पळत गेलो," मास्तर म्हणाले. "गेला हुता निगून. त्याच थंडीत वारला. मातीला गेलो तवा भावकीतला एक जन म्हनला, तुजा बा सगळ्यांला सांगत हुता, माजा सुभान लई हसवतोय म्हनून."

जालिंदरच्या अंगावर काटा आला. आणि पुढच्याच क्षणी त्याच्या डोक्यात कॅमेरा सुरू झाला. तो ताडकन उभा राहिला.

"मास्तर, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? अहो, हा तर आपल्या सिनेमाचा शेवट झाला! कनात, शांतता, अंगावर कापूस पडलेला बाप, आणि त्याचं एकट्याचं हसू... सगळं थिएटर रडेल मास्तर! थांबा, मी आत्ताच लेखकाला फोन लावतो. बापाच्या कामासाठी नटसुद्धा डोळ्यांपुढं आहे माझ्या..."

त्यानं खिशातून फोन काढला. नंबर शोधता शोधता तो अंगणात येरझाऱ्या घालायला लागला. कापूस खरा वापरायचा की खोटा, असं काहीतरी स्वतःशीच पुटपुटत होता.

मास्तर त्याच्याकडं बघत राहिले.

मग त्यांनी बाजेच्या कडेला धरून जोर दिला, आणि ते उठले. मेहरूनचाची पुढं झाल्या, त्यांना मास्तरांनी हातानंच थांबवलं. भिंतीचा आधार घेत घेत घरात गेले.

"मास्तर? काय झालं?" जालिंदरनं फोन कानावरून काढला.

आतून आवाज आला, "बस तितं."

जालिंदर बाजेवर बसला. दाराला जुन्या लुगड्याचा पडदा होता. तो बाजूला झाला आणि सुभान मास्तर बाहेर आले.

अंगात बनियन, खाली चौकड्यांची लुंगी. चार पावलं टाकून ते अंगणाच्या मधोमध उभे राहिले. आणि त्यांनी बघायला सुरुवात केली.

काहीही केलं नाही त्यांनी. नुसतं बघितलं. विहिरीकडं, लिंबाखाली, कुंपणापाशी. तोंड किंचित उघडं. जत्रेत बोट सुटलेल्या लेकरासारखं, आता दिसंल, इथंच कुठंतरी आसंल, असं.

जालिंदरनं ओठ दाबून धरले. जमलं नाही. तो हसायला लागला. फोन हातातून खाली पडला, तरी हसत राहिला. मेहरूनचाचीही तोंडाला पदर लावून हसत होत्या. किती वर्षांनी तो असा हसत होता! त्याला धुळीचा वास आला. भज्यांचा वास आला. पडद्याची ती फट दिसली, आणि फटीला डोळा लावून उभा असलेला तेव्हाचा लुकडा जालू दिसला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हसू थांबेना.

मास्तरांची नजर फिरत फिरत बाजेपर्यंत आली. जालिंदरवर आली. क्षणभर थांबली... आणि तशीच पुढं सरकली. फाटकाकडं गेली. फाटकाबाहेर, रस्त्याकडं गेली. तिथंच राहिली.

जालिंदरचं हसू हळूहळू ओसरलं.

"मास्तर..." तो म्हणाला. "बाबा तर कधीच गेले. मग आता कुणाला हुडकत होता?"

"तुला."

जालिंदरला वाटलं, मास्तर गंमत करतायत. तो पुन्हा हसला.

"मला? अहो मास्तर, मी तर तुमच्या पुढ्यातच बसलोय की!"

मास्तरांनी मान वळवली. त्याच्याकडं बघितलं. जत्रेतल्या मागच्या गर्दीकडं बघायचे, तसं डोळे बारीक करून, नीट बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "तितंबी बगितलं."