मशीनबाईच्या पोटात लाल मोजा

एक होतं घर. घरात होतं कपाट. कपाटाखाली होतं आणखी एक घर.

त्या घरात राहायची चिचुंद्री. नाक लांब. डोळे बारीक. आणि अंगाला वास. साधासुधा वास नाही. नाक धरून पळावं असा वास. पिल्लांना मात्र तो फार आवडायचा.

पिल्लं होती चार. बाहेर निघाली की रांग लागायची. पुढे चिचुंद्री. चिचुंद्रीच्या शेपटीला चिकू. चिकूच्या शेपटीला मिकू. मिकूच्या शेपटीला टिकू. टिकूच्या शेपटीला ढिम्मू. ढिम्मू शेपूट धरायचा आणि सोडून द्यायचा. धरायचा आणि सोडून द्यायचा. काय करावं या ढिम्मूला.

पिल्लं झोपायची एका लाल मोज्यात. मोजा लोकरीचा. मऊ मऊ. उबदार.

मोठं घर होतं ईराचं. मोजाही आधी ईराचाच होता. पण तो कपाटाखाली पडला आणि ईरा त्याला विसरून गेली. मग मोजा कुणाचा? चिचुंद्रीचा.

एक दिवस ईराच्या आईने केर काढला. झाडू कपाटाखाली घातला. सर्र. मोजा बाहेर.

"शी, काय हा वास," आई म्हणाली. तिने मोजा चिमटीत धरला आणि टाकला बाकीच्या कपड्यांसोबत कपडे धुण्याच्या मशीनमध्ये.

मशीन होतं गॅलरीत. मशीन फिरलं. घुर्र घुर्र. घुर्र घुर्र. खडखड खडखड. खट्.

बंद पडलं.

दाराच्या गोल काचेतून मोजा दिसत होता. पाण्यात तरंगत होता. पिल्लं स्टुलावर चढली आणि काचेला नाक लावून बसली.

"आये, आपली गादी," चिकू म्हणाला.

"आये, गार लागतंय," मिकू म्हणाला.

"आये, झोप येत नाही," टिकू म्हणाला.

आणि ढिम्मू? तो रडत होता.

चिचुंद्रीने शेपूट आपटली. टप् टप्. "थांबा. आत्ता आणते."

आत्ता म्हणे. ऐका आता पुढे.

चिचुंद्री म्हणाली, "मशीनबाई, मशीनबाई, दार उघड. मोजा दे. पिल्लांना झोप येईना."

मशीनबाई कण्हली. "मी म्हातारी झाले गं. ईराचे लंगोट धुतले. ईराचे फ्रॉक धुतले. शाळेचे कपडे धुतले. आता पट्टा तुटला, पाणी अडलं, दार अडकलं. बशीरकाका आले तर दार उघडेन."

चिचुंद्री निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. मागे चार पिल्लं. नाही, तीन. ढिम्मूने शेपूट सोडली. थांबा. धरली. निघाली.

बशीरकाका मशीन दुरुस्त करायचे. दुकानात बसून पंखा खोलत होते. त्यांनी नाकाला रुमाल लावला. "लांबून बोल गं बाई."

"बशीरकाका, बशीरकाका, घरी या.
मशीन दार उघडेना,
मोजा मिळेना,
पिल्लांना झोप येईना."

काका म्हणाले, "ते मशीन? त्याचा पट्टा आता बाजारात येत नाही. नवीन घ्यायला सांग. आज दार उघडायला या, उद्या नवीन बसवायला या. दोन फेऱ्या कोण मारणार? शेठने नवीन मशीन दिलं तर येईन. एका फेरीत दोन्ही कामं."

चिचुंद्रीने शेपूट आपटली. टप् टप्. काय हा वैताग.

गेली शेठकडे. तुरुतुरु तुरुतुरु. शेठचं दुकान मोठं. नवीन मशीनं खोक्यात बसलेली. शेठने नाक दाबलं. "लांबून बोल गं बाई."

"शेठ, शेठ, नवीन मशीन द्या.
काका येईना,
मशीन दार उघडेना,
मोजा मिळेना,
पिल्लांना झोप येईना."

शेठ म्हणाले, "देतो की. पण कुणाला देऊ? तुला? उचलशील? ईराचे बाबा घ्यायला आले तर देईन."

टप् टप्. काय हा वैताग.

गेली बाबांकडे. तुरुतुरु तुरुतुरु. बाबा सोफ्यावर. हातात मोबाइल. त्यांनी उशी नाकाला लावली. "लांबून बोल गं बाई."

"ईराचे बाबा, ईराचे बाबा, दुकानात चला.
शेठ देईना,
काका येईना,
मशीन दार उघडेना,
मोजा मिळेना,
पिल्लांना झोप येईना."

बाबा म्हणाले, "तेच बघतोय. कुठलं मशीन जास्त वर्षं टिकतं? वरून उघडणारं की पुढून उघडणारं? हा म्हणतो हे घ्या. तो म्हणतो हे मुळीच घेऊ नका."

"मग?"

"मग बघतोय."

"कधीपर्यंत?"

"ईराची आई हो म्हणाली तर निघेन," बाबा म्हणाले आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

टप् टप्. काय हा वैताग.

गेली आईकडे. तुरुतुरु तुरुतुरु. आई बाथरूममध्ये हाताने कपडे धूत होती. धप् धप्. धप् धप्. तिने साबणाचा हात नाकाला लावला. नाकाला फेस लागला. "लांबून बोल गं बाई."

"ईराची आई, ईराची आई, हो म्हणा.
बाबा निघेना,
शेठ देईना,
काका येईना,
मशीन दार उघडेना,
मोजा मिळेना,
पिल्लांना झोप येईना."

आई म्हणाली, "मला काय हौस आहे का धुण्याची? धप् धप्. पण वस्तू टिकतात कुठे हल्ली? मिक्सर आणला, गेला. इस्त्री आणली, गेली. हे मशीनच काय ते टिकलं. ईराच्या बारशाच्या वर्षी आणलं, ईराचे दात पडले तरी चालत होतं. आणलं होतं दसऱ्याला. म्हणून टिकलं."

"मग आता?"

"आता दसरा तोंडावर आलाय. नवीन वस्तू दसऱ्यालाच आणायची. दसरा आला तर हो म्हणेन. धप् धप्."

टप् टप्. काय हा वैताग.

दसरा कुठे राहतो? चिचुंद्रीला काय माहीत. तिने विचारलं भिंतीवरच्या पालीला. पाल म्हणाली, "कॅलेंडरमध्ये."

गेली कॅलेंडरकडे. तुरुतुरु तुरुतुरु. कॅलेंडर खिळ्याला लटकलेलं. त्याला हात नाहीत. नाक दाबायचं कसं? त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. "लांबून बोल गं बाई."

"कॅलेंडरदादा, कॅलेंडरदादा, दसरा आण.
आई हो म्हणेना,
बाबा निघेना,
शेठ देईना,
काका येईना,
मशीन दार उघडेना,
मोजा मिळेना,
पिल्लांना झोप येईना."

कॅलेंडर फडफडलं. "झेंडू कुठाय? झेंडूशिवाय दसरा कसला? दाराला तोरण नको? झेंडू फुलला तर दसरा आणेन."

टप् टप्. टप् टप्. शेपूट दुखायला लागली. काय हा वैताग.

गेली झेंडूकडे. तुरुतुरु तुरुतुरु. झेंडू पण गॅलरीत. मशीनच्या शेजारच्या कुंडीत. कळ्या होत्या. पण सगळ्या मिटलेल्या. पानं मलूल. मान खाली.

"झेंडूबाळा, झेंडूबाळा, फूल.
दसरा येईना,
आई हो म्हणेना,
बाबा निघेना,
शेठ देईना,
काका येईना,
मशीन दार उघडेना,
मोजा मिळेना,
पिल्लांना झोप येईना."

झेंडूने नाक दाबलं नाही. त्याचाही वास तसा उग्रच. तो हळूच म्हणाला, "तहान लागलीय. मशीनचं पाणी रोज माझ्या कुंडीत यायचं. मशीन बंद, पाणी बंद. मशीनबाईने पाणी सोडलं तर फुलेन."

मशीनबाईने?

म्हणजे पुन्हा मशीनबाईच?

इतकं चालून? इतकं बोलून? सगळ्यांची नाकं दाबून झाल्यावर?

चिचुंद्री मटकन खाली बसली. चिकू बसला. मिकू बसला. टिकू बसला. ढिम्मू आधीच बसला होता.

"आये, मोजा?" चिकूने विचारलं.

"हो रे बाबा, मोजा," चिचुंद्री म्हणाली. तिला रडू येत होतं. पण पिल्लं बघत होती. मग कसं रडणार?

ती उठली. गेली मशीनबाईकडे. दोनच पावलं तर होती.

"मशीनबाई, मशीनबाई, पाणी सोड.
झेंडू फुलेना,
दसरा येईना,
आई हो म्हणेना,
बाबा निघेना,
शेठ देईना,
काका येईना,
तुझं दार उघडेना,
मोजा मिळेना,
पिल्लांना झोप येईना.
आणि मला आता बोलवेना."

मशीनबाई म्हणाली, "सोडलं असतं गं. पण माझी नळी बघ. वर खुंटीला अडकवलीय. फिरत होते तेव्हा पाणी वर चढायचं, आता चढत नाही. नळी खाली आली तर पाणी सुटेल."

"नळी खाली कोण आणणार?"

मशीनबाई नुसती कण्हली.

चिचुंद्रीने इकडे पाहिलं. काका नाहीत. तिकडे पाहिलं. शेठ नाहीत. बाबा सोफ्यावर. आई धप् धप्. विचारायला कुणी उरलंच नाही.

"बरं," चिचुंद्री म्हणाली. "मग मीच."

नळी मध्येच खाली लोंबत होती. चिचुंद्रीने ती दातात धरली. चिकूने चिचुंद्रीची शेपूट धरली. मिकूने चिकूची धरली. टिकूने मिकूची धरली.

ओढा. हुं हुं. हुं हुं.

नळी हलेना.

"ढिम्मू कुठाय?"

ढिम्मू पेंगत होता.

"ढिम्मू, शेपूट धर. आणि आता सोडू नकोस. काही झालं तरी सोडू नकोस. मोजा पाहिजे ना?"

ढिम्मूने डोळे उघडले. काचेतून मोज्याकडे बघितलं. मग टिकूची शेपूट धरली. घट्ट. टिकू ओरडला इतकी घट्ट.

ओढा. हुं हुं. हुं हुं. हुं हुं.

ढिम्मूने सोडली नाही.

सट्.

नळी खुंटीवरून सुटली. तोंड पडलं थेट कुंडीत.

आणि मग?

पाणी सुटलं. भळभळ भळभळ.

झेंडू पाणी प्यायला. गटगट गटगट. मान वर झाली. एक कळी उघडली. दोन उघडल्या. सगळ्या उघडल्या.

झेंडू फुलला, म्हणून दसरा आला.

दसरा आला, म्हणून आई हो म्हणाली.

आई हो म्हणाली, म्हणून बाबा निघाले. निघाले एकदाचे.

बाबा निघाले, म्हणून शेठने नवीन मशीन दिलं.

शेठने दिलं, म्हणून बशीरकाका आले. एका फेरीत.

काका आले, म्हणून जुन्या मशीनचं दार उघडलं. खटक्.

दार उघडलं आणि कपड्यांच्या ढिगातून पडला लाल मोजा. टपकन.

चिचुंद्रीने मोजा उचलला. तुरुतुरु तुरुतुरु. थेट कपाटाखाली. तिथे ऊब होती. मोजा वाळला. मऊ मऊ झाला.

नवीन मशीनला आईने हळद-कुंकू लावलं. वर झेंडूचं फूल ठेवलं. म्हणाली, "टिक बाई, जुन्यासारखी." मशीनने चकचकीत तोंड करून ऐकलं. टिकेल का? बघू.

बाबा म्हणाले, "ईराच्या लाल मोज्याचा काही पत्ता नाही."

आई म्हणाली, "जुनं मशीन मोजे खायचं."

असं म्हणतात बरं का, सगळ्या घरांत.

मग पिल्लं मोज्यात शिरली. चिकू शिरला. मिकू शिरला. टिकू शिरला. ढिम्मू शिरला.

आणि लगेच बाहेर आली.

"शी," चिकू म्हणाला.

"शी शी," मिकू म्हणाला.

"आये, याला साबणाचा वास येतोय," टिकू म्हणाला. "हा आपला मोजा नाही."

चिचुंद्रीने कपाळाला पंजा लावला. इतकं चालून. इतकं बोलून. नळी ओढून. आता हा वैताग.

ती मोज्यात शिरली. या कुशीवर लोळली. त्या कुशीवर लोळली. पाठ घासली. पोट घासलं. नाक, शेपूट, सगळं घासलं. मग बाहेर आली.

ढिम्मूने मोज्यात नाक घातलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"आये," ढिम्मू म्हणाला. "हा आपलाच."

चिकू आत गेला. मिकू आत गेला. टिकू आत गेला. ढिम्मू आत गेला आणि त्याने आयेची शेपूट धरली. झोपला तरी सोडली नाही.

आणि म्हातारी मशीनबाई? काकांनी तिचं गोल पोट काढून गॅलरीत ठेवलं. त्याला भोकं होतीच. आईने त्यात माती भरली. आता त्यात झेंडू राहतो. मशीनबाई फिरत नाही. उन्हात बसते. खूप वर्षं फिरली, पुरे झालं.

चला. पिल्लं झोपली. आता तुमचे मोजे काढा. उद्या सकाळी एक सापडला, एक नाही सापडला, तर उगाच शोधत बसू नका. त्यात कुणीतरी झोपलं असेल.