रविवारचा कप्पा

"जित्या माणसांत ह्या कोणाक ठावक आसा?"

"कोणालाच नाही," तुषार राऊळ म्हणाला.

"नीट विचार कर, झिला."

"विचार करूनच आलोय, काका. पुण्याहून दहा तास गाडी चालवत आलोय."

भिवा गुरव हा गावच्या देवळाचा पुजारी. रवळनाथाच्या गाभाऱ्याबाहेर दगडी पायरीवर बसून तो तांब्या पुसत राहिला.

कौल लावण्याआधी हा प्रश्न तो प्रत्येकाला विचारतो. त्याचा बापही विचारायचा. जे माणसाला ठाऊक आहे ते देवाला विचारायचं नाही, असा त्या घराचा नियम. देवाला कामं कमी आहेत का?

ज्यांना कौल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फुलाची पाकळी पाण्यात भिजवून पाषाणाच्या मूर्तीला चिकटवायची, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. मग देवाला गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दोन्ही चिकटून राहिल्या तर आपणही बसून राहायचं.

"हरवला काय?" भिवानं विचारलं.

"बाबांचा आवाज."

भिवानं तांब्या खाली ठेवला.

तुषारचे बाबा म्हणजे विश्राम राऊळ. गाव हेच. नोकरीला पुण्याला गेले आणि तिथलेच झाले. भिवा आणि ते शाळेत एका बाकावर बसायचे. आठ महिन्यांपूर्वी विश्राम गेले.

"मंगळवारी त्यांनी मला आवाजाचा मेसेज पाठवला," तुषार म्हणाला. "चार मिनिटं बारा सेकंद. आणि शुक्रवारी गेले."

"काय बोललो विश्राम?"

"ऐकला नाही मी."

भिवानं मान हलवली नाही, भुवया उंचावल्या नाहीत. तुषारला त्याचंच ओझं वाटलं. माणूस नुसता बघत राहिला, की समोरच्याला खुलासे करावे लागतात.

"माझी एक पद्धत आहे, काका. माझं कामच ते आहे. मोठ्या मोठ्या ऑफिसांत जाऊन मी शिकवतो, की रोज एवढी माहिती अंगावर येते, तिच्यात बुडायचं कसं नाही. आलेली गोष्ट घोळवत बसायची नाही. चटकन होणारी असेल तर करून टाकायची. नसेल तर कप्प्यात टाकायची. कप्प्याचं नाव रविवार. रविवारी सकाळी चहा घेऊन बसायचं आणि कप्पा रिकामा करायचा. हजारो लोक ही पद्धत वापरतात."

"बरी आसा."

"उत्तम आहे!"

"चार मिन्टां चटकन होण्यासारकी नव्हती?"

तुषारनं मान वळवून समोर पाहिलं.

देवळासमोरच्या तळ्यावर एक खंड्या बसला होता. तो पाण्यात सूर मारून वर आला.

"ते गेल्यावर महिनाभर माझ्यानं ऐकवेना," तुषार म्हणाला. "मग फोन बदलला. बदलताना संभाषण गेलं, फायली राहिल्या. पण माझ्याकडे प्रत्येक गोष्टीची प्रत असते, प्रतीचीही प्रत असते. सात हार्ड डिस्क, दोन जुने फोन, एक लॅपटॉप आणि इंटरनेटवरचा साठा. अकरा ठिकाणं झाली. त्यात आवाजाच्या हजारो फायली आहेत. माझी भाषणं, मीटिंगा, कोणाकोणाचे निरोप. एकीलाही नाव नाही. तारखा पाहाव्यात तर सगळ्यांवर कॉपी केल्याच्या दिवसाची तारीख. चार महिने झाले, रोज शंभर ऐकतो. आता झोपेतही ऐकू येतं कोणी ना कोणी."

"पद्धत उत्तम," भिवा म्हणाला.

त्याच्या स्वरात टोमणा होता का, ते तुषारला कळलं नाही. मला विचाराल तर होता.

"अकरा ठिकाणांपैकी कुठं आहे, एवढंच देवानं सांगावं. पुढचं मी करीन."

"कौलाक दोन पाकळ्यो लागतत. उजवी आणि डावी."

"तसं केलं तर अकरा वेळा विचारावं लागेल. एकदमच अकरा लावू. जी आधी पडेल ते ठिकाण. वेळ वाचेल."

भिवाच्या पिढीत आणि त्याच्या आधीच्या सात पिढ्यांत असा कौल कोणी मागितला नसेल. पण म्हातारा उठला. परडीतल्या तगरीच्या पाकळ्या मोजून त्यानं अकरा घेतल्या, तांब्यात बुडवल्या आणि आत जाऊन एकेक करून मूर्तीला लावू लागला.

तुषार उंबऱ्याबाहेर बसून मोबाइलमध्ये तक्ता करत होता. उजव्या खांद्यावर पहिली डिस्क. त्याखाली दुसरी. छातीवर जुना फोन. प्रत्येक पाकळीला त्यानं वेगळा रंग दिला. पाकळ्या सगळ्या पांढऱ्याच होत्या, रंग त्याच्या तक्त्यात होते. तक्ता मात्र खरोखर सुबक झाला.

भिवानं हात जोडले.

"बा देवा रवळनाथा महाराजा... ह्यो विश्रामाचो झील तुझ्या पायाकडे इलो हा. अकरा डबे घेऊन इलो हा. बापाशीचो शब्द खंयच्या डब्यात ऱ्हवलो, ता तूच तेका दाखव रे महाराजा..."

गाऱ्हाण्याला 'व्हय महाराजा' म्हणायचं असतं, हे तुषारला जरा उशिरा आठवलं. बाबा पुण्याच्या घरात देवासमोर म्हणायचे. तो पुटपुटला, "व्हय महाराजा."

वाट पाहिली...

एक पाकळी हलली. खाली घसरली, वाटेत दुसरीला चिकटली आणि तिला घेऊन तिसरीवर आदळली. तिन्ही एकदम पायाशी पडल्या. त्या पडताच वरच्या दोन सुटल्या. मग आणखी एक.

तुषार पुढे वाकला. मूर्तीच्या पायाशी सहा पांढऱ्या पाकळ्यांचा ओला गोळा झाला होता.

"खंयची पडली?" भिवानं विचारलं.

"पाचवी... नाही, सहावी. सहावीला पाचवी चिकटली बहुतेक."

"तक्तो हा मां तुझ्याकडे?"

"तक्त्यात लावल्या कुठं ते आहे. पडल्या कोणत्या ते..."

त्यानं मोबाइल पायरीवर ठेवला.

भिवानं फडकं पिळलं आणि मूर्ती पुसायला घेतली. चिकटलेल्या पाच काढल्या, पडलेल्या सहा उचलल्या. मग खांदे, छाती, पाय, सगळं कोरडं केलं. सकाळी निर्माल्य काढताना करतो तसंच, सावकाश. मग दोनच पाकळ्या घेतल्या. एक उजवीकडे लावली, एक डावीकडे.

बाहेर येऊन तो पायरीवर बसला.

"विचार आता. एकच."

"तो मेसेज पहिल्या डिस्कमध्ये..."

"ह्यो डब्याचो प्रश्न. तुझो खंयचो?"

चाळीस-पन्नास माणसांच्या सभेत न अडखळणारा माणूस एका पायरीवर अडला.

"बाबा आजारी पडले ना, तेव्हा मी खूप माहिती गोळा केली," तो अखेर म्हणाला. "त्यांच्या आजारावर कुठं काय छापून आलंय, कोणता आहार, कोणते डॉक्टर. तीनशे लेख असतील. वेगवेगळे कप्पे केले होते. रोज त्यांना चार-पाच पाठवायचो. मी त्याच शहरात राहतो, काका. अर्ध्या तासाच्या अंतरावर."

"आणि भेटूक?"

"दोनदा गेलो. महिन्याभरात दोनदा." त्यानं नाक ओढलं. "एक दिवस फोनवर म्हणाले, माहिती नको, तू ये. मी चिडलो. म्हटलं, तुमच्यासाठीच तर करतोय सगळं. त्यावर ते काही बोललेच नाहीत. दहा दिवस एक शब्द नाही. आणि मग तो मेसेज."

भिवा ऐकत होता.

"त्या दिवशी मी व्याख्यानात होतो, हे खरं. पण संध्याकाळी मोकळा होतो. बुधवारीही होतो. मी भ्यालो. चार मिनिटं ते रागावले असतील तर? म्हणून रविवारवर टाकलं."

तुषारला रडू आलं. मोठ्या माणसाला येतं तसं, आवाज न करता आणि स्वतःचीच लाज वाटत.

"बाबा माझ्यावर रागावून गेले का? हाच माझा प्रश्न आहे. लावा कौल."

भिवा उठला नाही. गुडघ्यावर हात ठेवून तसाच बसून राहिला.

"विश्रामाचे हात थरथरत होते शेवटाक," तो म्हणाला. "माका तेणा सांगल्यान होता. फोन सुद्धा धरूक गावणा नाय म्हणालो."

"हो."

"मगे तुका मेसेज पाठयताना फोन कोणी धरलेल्यान?"

"आईनं. तीच धरायची नेहमी."

"चारय मिन्टां?"

"हो, बाजूला बसून..."

तुषार थांबला.

तळ्याकडून वारा आला, पायरीवरची परडी किंचित सरकली. पहिला प्रश्न पुन्हा विचारायची भिवाला गरज पडली नाही.

"तिला विचारता येणार नाही," तुषार घाईघाईनं म्हणाला.

"कित्या?"

"बाबांना पोचवून आलो त्या संध्याकाळी तिनंच मला विचारलं होतं. म्हणाली, ऐकलंस ना रे त्यांचं? मी हो म्हटलं. मग बरं झालं, म्हणाली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला तिनं. आता आठ महिन्यांनी काय सांगू? की मी ऐकलंच नव्हतं? तिच्यासमोर बसलो की वाटतं, आत्ता त्यावर काही बोलेल. म्हणून जाणंही कमी केलंय. बाबांचा फोन तिच्याकडेच असतो, तोही मागता येईना. सापडला असता मेसेज, तर ऐकून टाकला असता आणि तिला कधी कळलंही नसतं."

अकरा डब्यांच्या तळाशी हे होतं. बाहेर आलं तेव्हा तुषारलाच ते नवं वाटलं.

पायरीवरचा मोबाइल उजळला आणि पडद्यावर आलेल्या निरोपांची यादी दिसली. कुठला तरी निरर्थक निरोप असावा, देवळाच्या आवारात रेंज मधूनच येते आणि जाते. भिवानं वाकून पाहिलं. वाचण्याची त्याला फारशी हौस नव्हती, पण माणसं तो ओळखायचा.

"ही फोटोतली तुझी आवस मां?"

"हो."

"तिच्या बाजूक ह्यो ठिपको कसलो?"

"आवाजाचा मेसेज आहे. न ऐकलेला असला, की ठिपका राहतो."

"कधीचो?"

"सोमवारचा."

"आज वार खंयचो?"

"गुरुवार. रविवारी ऐकणार होतो," तुषार म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता, की शेवटचा शब्द त्याचा त्यालाच ऐकू आला असेल.

दोघंही त्या ठिपक्याकडे बघत राहिले. मोबाइलचा उजेड विझला.

आत गाभाऱ्यात काहीतरी टपकलं. तुषारनं झटकन मान वळवली. मूर्तीच्या पायाशी एक पाकळी पडली होती.

"उजवी! काका, उजवी पडली. म्हणजे काय? हो? रागावले होते?"

"तू अजून देवाक विचारलंस खंय?"

"मग पडली कशी?"

"सुकली म्हणान पडली."

भिवानं आत जाऊन ती पाकळी उचलली. डावीही काढली. दोन्ही परडीत निर्माल्यात टाकल्या, मूर्तीवरून पुन्हा एकदा फडकं फिरवलं आणि गाभाऱ्याचं दार ओढून घेतलं.

तुषार अजून पायरीवरच होता. मोबाइल त्यानं दोन्ही हातांत धरला होता.

"पण कौल, काका?"

भिवानं त्याच्या हातातल्या मोबाइलकडे आणि मग तळ्याच्या पलीकडच्या बांधाकडे बोट दाखवलं.

"थय जा. हय रेंज गावणा नाय."